बुदिमिरची पारख

बायकोसाठी जुना रेकॉर्ड प्लेअर निवडायचं काम बुदिमिरने दोन हिवाळे पुरवलं. पान्चेवो गावात रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली, तेव्हा खोट काढण्यात त्याचा हात कोण धरणार! याची थाळी हलकी, त्याचा पट्टा वाळलेला, तिसऱ्याची दांडी अडखळते, चौथा नुसताच घुमतो. विदा बिचारी ऐकून घ्यायची. तरुणपणी ती ज्या गायकवृंदात गायची, त्याची एकच तबकडी निघाली होती आणि तिच्यातलं एक गाणं विदाने एकटीने म्हटलेलं होतं. ते तिला पुन्हा ऐकायचं होतं, बस. पूर्वी एकदा त्याच्या दुकानात तिने ती तबकडी लावली होती, तर बुदिमिरने यंत्राचा वेग बरोबर आहे की नाही तेवढंच ऐकलं.

शेवटी एका रविवारी कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "मी कूमबरोबर जुन्या बाजारात चाललेय. आज घेऊनच येणार."

"कोणाबरोबर?"

"किती कूम आहेत तुला?"

एकच होता. स्वेतोलिक. भूगोलाचा निवृत्त मास्तर, विधुर, अंगणापलीकडच्या घरात राहणारा. या दोघांच्या लग्नात तो साक्षीला उभा होता, आणि एकदा साक्षीला उभा राहिला की माणूस कूम होतो, सख्ख्या भावाहून जवळचा, आणि मग दोन्हीकडचे एकमेकांना कूमच म्हणतात. कूमला नाही म्हणायचं नाही, कूमशी भांडायचं नाही, आणि कूमवर संशय घेणं तर पापच. म्हणजे जगात ज्या एका माणसामुळे बुदिमिरचा जळफळाट व्हायचा, नेमका त्याच्याबद्दलच चकार शब्द काढायची सोय नव्हती. स्वेतोलिकही त्याच गायकवृंदातला. विदाचं गाणं त्याने तिच्या शेजारी उभं राहून ऐकलेलं.

"त्या मास्तरला काय कळतं यंत्रातलं?"

"तुला सगळं कळतं, म्हणून तर घरात अजून काही आलं नाही."

कूमची गाडी वळणाआड गेली आणि बुदिमिरने टोपी चढवून बस पकडली.

बाजारात तो लोणच्याच्या मिरच्यांच्या पिंपांमागे उभा राहिला. रिकाम्या हाताने उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून खिमा भरलेलं बुरेक घेतलं, पण ते हातातच गार झालं. स्वेतोलिक टाय लावून आला होता. जुन्या बाजारात टाय! तो काहीतरी म्हणाला आणि विदा तोंडावर हात ठेवून हसली. घरी ती अशी कधी हसली होती हे बुदिमिरने आठवून पाहिलं आणि सोडून दिलं.

मग ते दोघं एका टेबलापाशी थांबले.

"मास्तर, लाकूड बघा लाकूड! अक्रोडाचं आहे," विक्रेता ओरडत होता. "मरेपर्यंत वाजेल!"

"कोणाच्या मरेपर्यंत?" स्वेतोलिकने विचारलं आणि विदा पुन्हा हसली.

अक्रोडाचं ते धूड चकाकत होतं, पण विक्रेत्याने थाळी फिरवताच तिची कड वरखाली होऊ लागली. तिचा आसच वाकलेला. पिंपांमागून दिसत होतं, पण शेजारी उभ्या मास्तरला दिसेना. त्याच टेबलावर एक राखाडी, ओरखडे पडलेला प्लेअर होता. विक्रेत्याचं कोपर त्याच्या थाळीला लागलं आणि ती फिरत राहिली, फिरतच राहिली, आणि कड केसभरही हलेना. दोन हिवाळे बुदिमिर जो शोधत होता तो हाच. त्याची नजर तिथून निघेना.

एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण त्याच्या अंगात इनात शिरला. इनात म्हणजे आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, आणि या मुलखात त्याला तोटा नाही. घेऊ दे, त्याने ठरवलं. घरी आणू दे. मास्तरची अब्रू माझ्याच टेबलावर निघू दे. विदाने अक्रोडाच्या लाकडावर हात ठेवला, स्वेतोलिकने पाकीट काढलं, आणि बुदिमिरला हसू आलं. मग त्यांच्याआधी घरी पोचायला तो बसकडे पळाला.

ते आले तेव्हा तो खुर्चीत आरामात बसला होता. टोमणे पाठ करून झाले होते. स्वेतोलिकने घोंगडीत गुंडाळलेला प्लेअर टेबलावर ठेवला.

"काय कूमा, अक्रोडाचं लाकूड झकास आहे ना?" बुदिमिरने विचारलं.

विदाने घोंगडी काढली. राखाडी प्लेअर.

"हा... हा कोणी निवडला?"

"तूच की!" स्वेतोलिक खदखदून हसला. "मला काय कळतंय, कूमा! विदा म्हणाली, मिरच्यांमागे उभा आहे, बघू नकोस. त्याची नजर ज्याच्यावरून हलत नाही तोच घे."

बुदिमिरलाही हसू फुटणार होतं. शेवटी पारख त्याचीच ठरली होती ना! पण विदा हसत नव्हती.

"त्या अक्रोडाच्या धुडावर मी मुद्दाम हात ठेवला होता," ती म्हणाली. "म्हटलं, आता धावत येशील, ओरडशील, चारचौघांत माझी अक्कल काढशील. तेही चाललं असतं मला."

"विदा, अगं..."

"तू हसलास, बुदिमिर. मी फसतेय म्हणून हसलास."

तिने कपाटातून तबकडी काढली. "कूमा, उचल ते. तुझ्या घरी लावू."

स्वेतोलिकने दोघांकडे पाहिलं. "असं कसं, विदा..."

"कूमला नाही म्हणायचं नसतं ना? मग कूमनेही म्हणू नये. उचल."

त्याने प्लेअर उचलला. दारात तो घुटमळला. "कूमा, तूही ये ना. कुठली तार कुठे जाते, मला काही..."

"लाल ती उजवी," बुदिमिर म्हणाला आणि खुर्चीतून उठला नाही.

थोड्या वेळाने अंगणापलीकडच्या खिडकीतून गाणं आलं. बुदिमिरने सवयीने कान दिला. वेग बरोबर होता. घुमत नव्हतं, थरथरत नव्हतं, सुई कुठे अडत नव्हती. यंत्रात काढण्यासारखं काहीच राहिलं नाही, तेव्हा ऐकायला फक्त विदा उरली. बाई कमालीचं गायली होती. हे त्याला आज कळत होतं, आणि ज्याला तेव्हाच कळलं होतं तो तिच्या शेजारी बसला होता.

गाणं संपलं. पलीकडे एकाच माणसाच्या टाळ्या वाजल्या.