मामांची अर्धी हजामत

मी एक जुनी खुर्ची आहे, पण मित्रांनो, चार पायांवर मुकाट उभं राहणाऱ्यांतली नव्हे. मी केस कापायच्या दुकानातली. लोखंडाचा एकच जाड पाय, पाठीला काळं रेक्झिन आणि हात लागला की गर्रकन फिरायचं. भल्याभल्यांनी माझ्यावर बसून मान खाली घातली आहे. बढाई नाही, खरं तेच सांगते.

माझ्या मालकाच्या कात्रीचं लोक नाव काढत. एके दिवशी त्याची स्कूटर घसरली आणि डोक्याला जबर मार बसला. तो इस्पितळात, मी कुलपात. माझं रेक्झिन उकललं. एका कोळ्यानं तर माझ्या हातावर संसार थाटला.

मग त्याला घरी सोडलं. घर दुकानाला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, डोळे चांगले आहेत, पण मेंदू डावी बाजू विसरलाय," त्याची आई आपल्या भावाला सांगत होती. "ताटात डावीकडचं तसंच राहतं. तरी मुद्दाम डावीकडेच वाढा म्हणे! माझं लेकरू उपाशी उठेल आणि मी बघत बसू? मी सगळं उजवीकडेच ठेवते."

"ताई, मग तो शिकणार कधी?"

"तू गप्प बस. तुला अजून शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत."

एका सकाळी मालक म्हणाला, "आई, दुकान उघडतो."

"गिऱ्हाइकाचा कान कापशील!"

"मग घडी घालून कपाटात ठेव मला."

मामा सरळ येऊन माझ्यावर बसले. "कान माझा आहे. एक गेला तर दुसरा आहे."

कात्री चालली. उजवी बाजू अशी सुरेख उतरली म्हणता! त्यानं फडकं झटकलं. "झालं."

डावीकडे जंगल तसंच. मामा जागचे उठले नाहीत. आईचा हात माझ्या पाठीवर आला. मला अर्धी फिरवली असती, तर ती बाजू आपोआप त्याच्या उजवीकडे आली असती. मीही फिरायला टपलेच होते. पण म्हातारीनं हात मागे घेतला.

"मामाला असा पाठवलास तर लोक तुला नाही, मला हसतील," ती म्हणाली. "डावीकडे बघ, बाळा."

त्यानं माझा हात धरला. चाचपत, चाचपत तो वळसा घालून पलीकडे आला आणि थबकला.

"अरेच्चा! इकडेही मामा आहे."

"आहे रे बाबा," मामा म्हणाले, "इकडेही आहे."

त्या दिवसापासून म्हातारी ताटातली भाजी डावीकडे वाढते. तो शोधेपर्यंत तोंडानं बडबडते, पण ताट फिरवत नाही.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना तेल घाला, फाटलं ते शिवा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण बऱ्या होणाऱ्या माणसाचं सगळंच तुम्ही करू नका. जवळ उभे राहा. त्याला वेळ लागतो, लागू द्या. आणि तोवर मामांसारखं अर्ध्या हजामतीनं बसायची तयारी ठेवा.