डोक्याचं माप

टेलर मास्तरांचा कापडावर विश्वास नव्हता, गिऱ्हाइकावर नव्हता, आणि डॉक्टरांवर तर मुळीच नव्हता.

त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीला, चिमीला, तापानंतर आकड्या येऊ लागल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या मेंदूला सूज आलीय. सुजेमुळे आकडी येते आणि आकडीमुळे सूज वाढते. सूज उतरवायच्या गोळ्या देते. एकही चुकवू नका."

"सूज?" मास्तरांनी डोळे बारीक केले. घरी येताच गळ्यातला टेप काढून चिमीच्या डोक्याला गुंडाळला. वीस इंच. आठवडाभर रोज सकाळी मोजलं. वीस म्हणजे वीस!

"अहो, पोरीचं डोकं आहे ते, गिऱ्हाइकाची कंबर नव्हे!" बायको वैतागली.

"सूज असती तर पाव इंच तरी वाढलं असतं. बाई आपल्याला बनवतेय."

त्यात चिमीचे गाल फुगले. सूज उतरवायचं औषध, आणि गाल टम्म! मास्तरांची खात्रीच पटली. "गोळ्या मी देत जाईन," असं बायकोला सांगून ते रोजची गोळी गुपचूप बटणांच्या डब्यात टाकू लागले.

चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक कोट नाचवत घरापुढच्या दुकानात शिरलं. "मास्तर, बटणं विरघळतात का हो कुठे? पाणी लागलं नि लगदा झाला!"

मास्तरांनी बिनचष्म्याने गोळीलाच कापड मढवून बटण केलं होतं! बायकोने तो पांढरा लगदा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार, तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. चिमी जमिनीवर पडली होती आणि तिला झटके येत होते.

दवाखान्यात इंजेक्शनने आकडी थांबली. मास्तरांनी रडत रडत सगळं कबूल केलं.

"कोटाचं अस्तर आत गोळा झालं, तर बाहेरून छाती मोजून कळतं का?" म्हाताऱ्या सिस्टरने विचारलं. "कवटी हाडाची असते, मास्तर. सूज आत असते. आणि हे औषध एकदम तोडलं तर जिवावर बेततं!"

"पण मग... गाल का फुगले?"

"औषधामुळेच. नंतर ओसरतात. हे आधीच विचारायचंत की!"

चिमीने डोळे उघडले, बापाकडे पाहिलं. मास्तरांनी तिच्या पांघरुणात तोंड खुपसलं.

मंडळी, शंका जरूर घ्या. पण ती डॉक्टरांना तोंडावर विचारा. शंका तपासायला लेकराचा जीव पणाला लावू नका!