दादा बाजूला होता

भिलाईत मे महिन्यात कूलर बंद पडला की शहाणीसुरती माणसंही एकमेकांवर खेकसायला लागतात. सेक्टर दहामधल्या तेजराम शिवणकरांच्या क्वार्टरमध्ये त्या रविवारी सकाळपासून तेच चाललं होतं. तेजराम मूळचे गोंदियाकडचे, इथल्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. आठ तास तारांशी झुंजून आल्यावर घरी पेचकसाला हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना नेम.

"शुभम, पाह्य बरं कूलरले का झालं तं," कलावतीबाईंनी कणीक मळता मळता मुलाला हाक दिली. "अन् नीतू, तू दादाले टॉर्च धर."

मोबाइलच्या दुकानात नोकरी करणारा शुभम कूलरमागे जाऊन बसला. दोन पेच काढले, एक हरवला. "मोटर जल गई लगता है," असं जाहीर करून तो पुन्हा दिवाणावर आडवा झाला. नीतूनं टॉर्च खिडकीत ठेवली, बिघडलेला कंडेन्सर काढून दुसरा बसवला आणि हरवलेला पेचही शोधला. दहा मिनिटांत कूलर घरघरू लागला.

त्याच वेळी शेजारच्या सिंधुताई विरजण मागायला आल्या. "कोणं सुधारला वो?"

"आमच्या शुभमनं! त्याचा हात लागला का चालूच होते," कलावतीबाई म्हणाल्या.

ओढणीला हात पुसत नीतू तिथेच उभी होती.

कलावतीबाई दुष्ट होत्या का? मुळीच नाही. पोरीवर त्यांचा जीव होता. पण त्यांचं गणित ठरलेलं होतं. "पोट्टी पेचकस धरते हे गोंदियापर्यंत कळलं तं पाहुणे दारातूनच वापस जातीन," असं त्या म्हणत. शिवाय मुलाचाही मान राखायचा. नीतूनं पहिल्यांदा इस्त्री दुरुस्त केली तेव्हा ती दहा वर्षांची होती. आईनं श्रेय शुभमला दिलं, तशी पोर रडली होती. "आई, इस्त्री तं मी सुधारली ना?"

"दादा बाजूले होता म्हणून जमलं तुले," आईनं समजूत घातली होती.

त्यानंतर मिक्सर, पंखे, पाण्याची मोटर, दर वेळी तेच. नीतू पुढे रडेनाशी झाली. ती समजूतदार झाली म्हणून घरानं समाधान मानलं.

तिनं हट्टानं आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये. वर्गात चाळीस मुलगे आणि ती. आता दुर्गला एका कारखान्याची अप्रेंटिसची परीक्षा होती. निवड झाली तर नोकरीचं दार उघडणार होतं आणि लग्नाची घाई दोन वर्षं तरी टळणार होती.

परीक्षेत प्रत्येकासमोर एकेक मोटर होती, सगळ्यांत दोष एकच. बटण दाबलं की चालायची, बोट काढलं की बंद. दोष शोधायला अर्धा तास. नीतूला तो पाच मिनिटांत सापडला. एक तार चुकीच्या जागी जोडलेली होती. तिनं ती काढून योग्य जागी लावली. मोटर चालू लागली आणि बोट काढल्यावरही चालत राहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा मुलगा मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेकडे बोट दाखवत मित्राला छातीठोकपणे म्हणाला, "अरे, रिले गया है. पूरा बदलना पड़ेगा."

नीतूचा हात थबकला. त्याला इतकी खात्री आहे, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार. मोटर चालली खरी, पण चुकून चालली असेल. तिनं तार काढली, पुन्हा पहिल्या जागी जोडली आणि कागदावर लिहिलं, 'रिले खराब'. घंटा वाजली.

मागे उभे असलेले वयस्कर परीक्षक जवळ आले. "बेटा, मोटर तो चल गई थी. मैंने देखा. फिर तार निकाला क्यों?"

"सर, वो लड़का बोल रहा था..."

"वो तो फेल है," ते हळूच म्हणाले. घंटेच्या वेळी टेबलावर जे असेल तेच तपासायचं, असा नियम होता. त्यांनाही तो मोडता आला नाही.

संध्याकाळी नीतूनं हे सगळं घरी शांतपणे सांगितलं. "माया बसची बात नव्हती, बाबा. मले आधीच माहीत होतं."

तेजरामांनी हातातला घास परत ताटात ठेवला. पोरीचा हात किती सरळ चालतो, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? दहा वर्षं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

पुढच्या रविवारी सिंधुताई बंद पडलेला मिक्सर घेऊन आल्या. "शुभमले दाखवा जरा." तेजरामांनी मिक्सर घेतला आणि सगळ्यांसमोर नीतूपुढे ठेवला. सिंधुताई चहा पीत होत्या, कलावतीबाई दारात अवघडून उभ्या होत्या. नीतूनं झाकण उघडलं, तुटलेली तार जोडली. मिक्सर फिरला.

"पाहून घ्या, सिंधुताई," तेजराम मोठ्यानं म्हणाले. "नीतूनं केलं. या घरातलं सारं आजवर हिनंच सुधारलं. आमी खोटं सांगत होतो तुमाले."

सिंधुताईंनी आश्चर्यानं नीतूकडे पाहिलं. "का म्हणता! खरंच तू केलं, बाई?"

नीतू गोंधळली. तिनं बाबांकडे पाहिलं, मग दिवाणाकडे. तिथे शुभम भिंतीकडे तोंड करून घोरत होता.

"नाही काकू, बाबा असेच म्हणून राहिले," ती हसून म्हणाली. "दादा बाजूले होता ना, म्हणून जमलं."

ती खोटं बोलत असती तर किती बरं झालं असतं! पण तिच्या चेहऱ्यावर खोट्याचा लवलेश नव्हता. कलावतीबाईंनी तोंडाला पदर लावला आणि दाराच्या चौकटीला धरून त्या खालीच बसल्या. तेजरामांनी मुलीच्या हातातला पेचकस घेतला, पुसला आणि पुन्हा तिच्याच हातात दिला. आता रोज देणार होते. दहा वर्षांत मोडलेलं किती वर्षांत जोडलं जाईल, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला आहे का?