त्रेपन्न अंश

"त्रेपन्न," ती म्हणाली.

साहेबांनी फायलीतून मान वर केली नाही. "पुन्हा मोजा."

"तीनदा मोजलंय."

"मग चौथ्यांदा मोजा, ताई. गेल्या महिन्यात तुम्हीच एक्केचाळीस लिहिलंत. खाली सही तुमचीच आहे."

तेच तर तिला सलत होतं. सही तिचीच होती, आणि ती करताना तिनं काही खोटं केलं नव्हतं.

मोबाइलच्या कारखान्यातल्या या चाचणीच्या खोलीत तिची बावीस वर्षं गेली होती. खोलीला खिडकी नव्हती. आतली हवा बारा महिने पस्तीस अंशांवर धरून ठेवलेली, त्यामुळे इथे येणारा प्रत्येक जण दहा मिनिटांत कॉलर सैल करायचा. काम सांगायला सोपं होतं. फोनच्या पाठीवर केसासारख्या बारीक तारा चिकटवायच्या, त्याला तासभर राबवायचं आणि तो किती तापतो ते लिहून ठेवायचं. फोनचं डोकं म्हणजे आतली नखाएवढी चिप, प्रोसेसर. तिला पळवलं की ती बॅटरी पिते आणि तापते. फारच तापली की जळून जाऊ नये म्हणून आपणहून पाय ओढायला लागते. हे सगळं तिला बोटांनी शिकवलं होतं. फोनच्या पाठीवर बोट टेकवून ती आकडा सांगायची आणि यंत्र मागाहून होकार द्यायचं. म्हणून सगळे तिला डिग्रीताई म्हणत. तिच्याकडे कॉलेजची डिग्री नव्हती, हा त्यातला दुसरा विनोद. तोही तिनं बावीस वर्षं हसून घेतला होता.

साहेबही याच खोलीत घडला होता. सुरुवातीला त्याची तार वाकडी चिकटायची, तेव्हा तिनंच मनगट धरून शिकवलं होतं. चारचौघांत ती त्याला 'साहेब' म्हणायची, दार लोटलं की 'अरे'.

नव्या फोनची जाहिरात तयार होती: 'सर्वांत वेगवान, तरीही थंडगार'. बाजारात यायच्या आधी जुन्या कर्मचाऱ्यांना एकेक फोन घरी वापरायला दिला होता. तिनं तो रविवारी दुपारी पहिल्यांदा मुलाशी बोलायला वापरला.

मुलगा जन्मापासून ऐकू न येणारा. दुसऱ्या शहरात छापखान्यात कामाला होता, बायकोही त्याच्यासारखीच. त्यामुळे मायलेकांचं बोलणं म्हणजे हातांचं बोलणं, आणि त्याला व्हिडिओ कॉलशिवाय गत्यंतर नव्हतं. सून पाच महिन्यांची गरोदर होती. पंधराएक मिनिटं झाली असतील. मुलगा इकडचंतिकडचं बोलत होता, काहीतरी टाळत होता. मग त्यानं दोन्ही हात छातीशी आणून पाळण्यासारखे धरले. बाळ. आणि तिथेच चित्र अडकलं.

पडद्यावर तो तसाच राहिला, हातांच्या पाळण्यासकट. तिला वाटलं, बाळ हलायला लागलं असणार, तेच सांगतोय. ती हसली. नुसती हसली नाही, टाळ्या वाजवल्या, बोटांनी विचारलं, सून मुलगा म्हणते का मुलगी? चित्र हललं तेव्हा पाळणा उघडलेला होता, दोन्ही तळवे रिकामे, आणि मुलगा तिच्याकडे बघत होता. परत अडकलं. मग कॉल तुटला आणि खाली तीन शब्द आले: 'बाळ राहिलं नाही.'

तिनं फोन उचलला. हाताला चटका बसला. मन ठिकाणावर नव्हतं, पण बोटांना सवय होती. बोटं म्हणाली, पन्नासच्या वर.

आपलं पोर दुःख सांगत होतं आणि आपण टाळ्या वाजवत होतो, हे तिच्या डोक्यातून जाईना. आणि त्यामागून दुसरी गोष्ट आली. एक्केचाळीसच्या फोननं हात पोळत नाही. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

सोमवारी तिनं नेहमीची चाचणी लावली. एक्केचाळीस. मग ती शेजारच्या विभागातल्या प्रोग्रॅमर बाईकडे गेली.

"आपलं चाचणीचं अॅप आहे ना, त्याचं नुसतं नाव बदलून दे. आत काही बदलू नकोस."

"नाव बदलून काय होणार, ताई?"

"काहीच होऊ नये. म्हणून तर बघायचंय."

नाव बदललेल्या अॅपवर तोच फोन त्रेपन्नला गेला. बाईनं खुर्ची मागे सरकवली. "अग बाई. हा तर ओळखतो."

अॅपच्या नावावरून ओळखतच होता. तापमानाची चाचणी समोर आली की फोन चिपचा लगाम खेचून धरायचा. वेगाची चाचणी आली की तोच लगाम सोडून द्यायचा. साहेबांच्या बुटांचा आवाज ओळखून फाइल उघडणारा कारकून असतो, त्यातलीच गत. वेगवान खरा आणि थंडगारही खरा, पण दोन्ही एका वेळी कधीच नाही. परीक्षा संपली की लोकांच्या हातात उरायचा तो दहा मिनिटं पळणारा, मग तापणारा आणि मग अडखळणारा फोन.

आणि आता साहेब सांगत होते, चौथ्यांदा मोजा.

तिनं उठून दार लोटलं. "अरे, हे तुला माहीत होतं?"

त्यानं फाइल मिटली. पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"माहीत होतं. आणि माझ्याकडून एक्केचाळीसवर सही घेतलीस."

"ताई, सगळेच करतात. लोक फोन वापरतात, मोजत बसत नाहीत. दोन-चार अंशांनी कुणाचं काय अडतं?"

"बारा अंश. आणि कुणाचं काय अडतं ते तू मला शिकवू नकोस."

"एवढं अंगाला का लावून घेताय? घरी काही बिनसलंय का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचं ती त्याला सांगणार नव्हती. सांगितलं असतं तर तो हळहळला असता, खुर्ची दिली असती, पाणी मागवलं असतं. तिला त्याची हळहळ नको होती. आकडा लिहायला हवा होता.

"बिनसलंय ते तुझ्या फोनचं. नवा अहवाल लिहिलाय. घे."

"मी हा घेऊ शकत नाही."

"मग माझी जुनी सही परत दे."

"सही कशी परत देणार?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि दार धाडकन उघडून बाहेर पडली.

गुरुवारी प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाचे तपासनीस आले. उतारवयाचे, चश्मा कपाळावर चढवलेले, खोलीत शिरताच कॉलर सैल करणारे. साहेबांनी तिला आधीच बजावलं होतं, फक्त नेहमीची चाचणी. तिनं ती लावली. तासाभरानं पडद्यावर एक्केचाळीस आले. तपासनिसांनी लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, "आणखी काही?"

"आता चहा," साहेब म्हणाले.

"आहे," ती म्हणाली. "आणखी एक तास लागेल."

"ताई." साहेबांच्या आवाजात जरब होती आणि विनवणीही.

तिनं तिकडे पाहिलंच नाही. ती तपासनिसांना म्हणाली, "हीच चाचणी आहे. अॅपचं नाव तेवढं वेगळं. खरं असेल तर एक्केचाळीसच येईल. मग भिण्यासारखं काय आहे?"

तपासनिसांनी एकदा तिच्याकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

तिनं तोच फोन नाव बदललेल्या अॅपवर लावला. आकडा चढत राहिला. चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. साहेबांनी कपाळ पुसलं. पन्नासला ते फोन आल्यासारखं करून बाहेर गेले आणि परत आले नाहीत. बावन्नला तपासनिसांनी फोनच्या कडेला, धातूच्या पट्टीवर, स्वतःचं बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"बाई, हे लिहिलं की तुमचं इथे कठीण होईल."

"ते माझं मी बघते. तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. चांगली चार पानं भरून लिहिलं.

दोन दिवसांची रजा टाकून ती मुलाकडे गेली. सुनेच्या केसांतून हात फिरवत बराच वेळ बसली. मग मुलाला अंगणात नेऊन हातांनी सांगितलं, मी हसले ते मला माहीत नव्हतं म्हणून. तो म्हणाला, कळलं होतं मला, तुझ्याकडे चित्र अडकलं होतं. त्यानं इतक्या सहज समजून घेतलं, याचाच तिला जास्त राग आला. दरवेळी समजून घ्यायचं ते यांनीच!

त्या चार पानांचं पुढे एवढंच झालं. कंपनीनं उत्तर दिलं की तपासलेला नग नुसता नमुन्याचा होता, विकायचा नव्हता. जाहिरातीतला 'थंडगार' गेला. खोक्यातल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आली: 'सलग वापरात फोन कोमट लागू शकतो.' कोमट! ती ओळ तिनं जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचली. आसपासचे चारजण हसले आणि बाकीच्यांनी डबे लवकर बंद केले. फोन ठरल्या तारखेला बाजारात आला. आणि तिची बदली झाली, ग्राहकसेवेच्या खिडकीवर. पत्रात त्या बदलीला बढती म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी तिच्या टेबलावर छापील कागद ठेवलेला होता. तक्रार आली की म्हणायचं: कव्हर काढून वापरा. उन्हात ठेवू नका. एका वेळी एकच काम करा. आपला वापर जास्त आहे.

खिडकी उघडताच एक शिंपी पुढे आला. गळ्यात मोजपट्टी, फोन रुमालात गुंडाळलेला. भांडायच्या तयारीनंच आला असावा, कारण तिनं 'नमस्कार' म्हणायच्या आधीच आवाज चढला.

"तिसऱ्यांदा येतोय! दरवेळी मलाच सांगतात, तुम्ही चुकीचा वापरता. आता तुम्ही काय सांगणार, तुमचे हात गरम आहेत म्हणून?"

तिनं छापील कागद उलटा केला, त्याच्या कोऱ्या बाजूवर तारीख घातली आणि पेन हातात धरलं.

"नाही. फोनच तसा आहे. तुमची काही चूक नाही. सांगा, कधीपासून तापतो?"

 चढवलेला आवाज आता कुठे ठेवावा ते शिंप्याला कळेना. त्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं, आणि मग हळूच खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.