भावाच्या जागी

माझा भाऊ कॉन्डी वारून चार वर्षं झाली, तेव्हा त्याच्या मुलीचं पत्र आलं. ब्रिडीनं लिहिलं होतं, "काका, लग्न आमच्या कुरणावरच आहे. बाबांच्या जागी तुम्ही माझा हात धरून मला नवऱ्यापर्यंत न्या."

पत्र मी स्वतः वाचलं. कॉन्डी अमेरिकेतल्या मोंटानातून वीस वर्षं पत्रं धाडत होता, तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पोस्टातली बाई वाचून दाखवायची. सख्ख्या भावाला परक्या बाईच्या हातून काय कळवायचं, म्हणून मी कधी उत्तर दिलं नाही. साठी ओलांडल्यावर लिहायला शिकलो, तोवर त्याची पत्रं थांबली होती. आता त्याच्या मुलीबरोबर ती चार पावलं चाललो तर उत्तर दिल्यासारखं होईल, असं मनानं घेतलं. इकडे आयर्लंडात, डोनेगलमधली माझी चाळीस मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली केली आणि जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो.

घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे प्रेमळ. जो तो विचारी, "प्रवास कसा झाला?" आणि मी तोंड उघडायच्या आत घेवड्याचं पातेलं पुढे सरकवी. जागं झालं की माझे कान समुद्र शोधत. तिथं नुसतं गवत, आणि त्याच्यावर नको इतकं आभाळ.

लग्नाच्या आदल्या दुपारी सगळे गोठ्यात टेबलं मांडत होते. मी एक खुर्ची उचलली, तर ब्रिडीनं ती हातातून काढून घेतली.

"तुम्ही बसा काका. पाहुणे ना तुम्ही."

मग मी चालत सुटलो. चढावर तारेच्या कुंपणात एक तारेचंच फाटक सताड उघडं होतं. आमच्याकडे उघडं फाटक म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा; मेंढरं शेजाऱ्याच्या पिकात गेली म्हणून समजा. मी खांदा लावून तार ताणली, फाटक घट्ट बसवलं. आल्यापासून पहिल्यांदा काही उपयोगाचं केलं असं वाटलं.

लग्नाच्या सकाळी गुरांच्या हंबरण्यानं घर जागं झालं. ऑर्विल स्वयंपाकघराच्या दारात आला. सत्तरीचा, फेंगड्या पायांचा हा म्हातारा कॉन्डीच्या गुरांचा कारभार पाहायचा.

"वरचं फाटक कोणी लावलं?"

"मी," म्हणालो.

बायकांच्या हातातले कंगवे थांबले.

"आमच्यात फाटक जसं दिसेल तसं सोडतात, पाव्हणं," ऑर्विल म्हणाला. "पाण्याचा हौद अलीकडे आहे, गाई पलीकडे. कालपासून गाईंच्या घशात थेंब नाही."

"मला काय ठाऊक..."

"बसा गाडीत. रडत बसू नका, अडीचशे गाई तेच करतायत."

फाटक मीच उघडलं. वासरं चेंगरू नयेत म्हणून दोन घोडेस्वारांनी गाई हळूहळू सोडल्या. ऑर्विल माझ्याशेजारी उभा राहिला. त्याच्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर घडीच्या रेघा होत्या, आणि आता वर गुरांची धूळ.

"ब्रिडीला हेच फाटक उघडायला मी शिकवलं," तो म्हणाला. "सहा वर्षांची होती. तार निसटली, नाक फुटलं. कॉन्डी म्हणाला, तुझं नाक फोडायचं होतं की रे, तसंही ते काय कामाचं!"

मी हसलो. भावाचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

ब्रिडीची आई वारल्यावर तिला शाळेत सोडायला कोण जायचं, कॉन्डीच्या शेवटच्या हिवाळ्यात बर्फातून चाळीस मैल दवाखान्यात त्याला भेटायला तिला कोण न्यायचं, हे विचारावं लागलं नाही. तो गाई मोजता मोजता सांगत गेला.

"आज तुम्ही कुठं बसणार?" मी विचारलं.

"मागं. घोड्यांकडे कुणीतरी बघायला हवं." त्यानं टोपी पुढे ओढली. "तुम्ही आलात ते बरं केलंत. अशा वेळी रक्ताचं माणूस लागतं."

परतलो तेव्हा ब्रिडी लग्नाच्या पोशाखात गोठ्याच्या दारात उभी होती.

"पोरी," मी म्हणालो, "तुझा हात ऑर्विलनं धरावा."

खरं सांगतो, ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं. निदान एकदा.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "खरंच काका? तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? मी आधी त्यालाच विचारलं होतं. म्हणाला, सख्खा काका असताना मी कोण लागून गेलो!" तिनं मला मिठी मारली आणि घागरा गोळा करून पळाली. "ऑर्विल! ए म्हाताऱ्या, बूट पूस!"

मला पहिल्या रांगेत बसवलं. ऑर्विल तिला घेऊन आला, धुळीच्या सदऱ्यात, फेंगड्या पायांनी, आणि तिनं आपली चाल त्याच्या चालीला जुळवून घेतली होती. सगळे उभे राहिले, मीही राहिलो.

बसताना शेजारची बाई वाकली. नवऱ्या मुलाची मावशी असावी.

"तुम्ही मुलीकडचे का?"

"हो. कॉन्डीचा भाऊ."

"अगंबाई," ती म्हणाली, "कॉन्डीला भाऊ होता?"

तेवढ्यात शपथा सुरू झाल्या आणि ती पुढे बघू लागली.