बोटभर अंतर

ओडवारने शेवटचं मिठाचं पोतं छतावर आदळलं, तशी तोरुन खालून ओरडली, "ठेवायचं म्हटलं होतं, फेकायचं नाही!"

"पोतं आहे बाई, पाहुणा नाही." तो शिडीवरून उतरला.

मासे कापायच्या दालनात हे प्लास्टिकचं छत नव्यानेच टांगलं होतं. आखणी ओस्लोहून आलेल्या इंजिनिअर तोरुनची. तिने छताखाली सुतळी ताणून बांधली होती. छत आणि सुतळी यांच्यात बोटभर अंतर होतं, आणि पोती चढवून तास झाला तरी ते तेवढंच राहिलं.

"हललं का?" मुकादम ओडवारने विचारलं.

"अजून नाही. सोमवारपर्यंत पोती राहू दे. तेवढ्याच वजनाच्या पंख्यांच्या मोटारी तुला हंगामभर वर ठेवायच्यात. प्लास्टिक एकदम वाकत नाही, ओझ्याखाली हळूहळू खचतं. खचलं, तर टांगणीच्या सळ्या वाढवू."

"कॉड मासळीच्या होड्या धक्क्याला लागल्यात. त्यांनाही सांगू, सोमवारी या?"

"सांग."

"ओस्लोत बसून छतं आखायची, आणि इथे येऊन आमचा हंगाम बुडवायचा! छत पक्कं आहे म्हणून सही कर, नाहीतर करणारा दुसरा आणतो."

"आण."

त्याने तिच्याकडे पाठ फिरवली आणि वरच्या माणसांना हाक दिली. "पोती काढा रे! मोटारी चढवा!"

रबरी एप्रन बांधलेल्या बायका आत आल्या. ओडवारची बायको मारित नेहमीच्या जागी, दालनाच्या मधोमध, सुरी घेऊन उभी राहिली. वर पहिली मोटार सरकल्याचा आवाज झाला.

"मारित," ओडवार हळूच म्हणाला, "तू आज दाराजवळच्या टेबलावर जा."

"का रे?"

"तिथे उजेड बरा आहे."

मारितने दाराकडे पाहिलं. तिथला दिवा आठवडाभर बंद होता. बाहेर उत्तरेकडचा हिवाळा, सकाळीही काळोख. मग तिने मान वर करून छताकडे पाहिलं, आणि नवऱ्याकडे. तो सुतळीची गाठ चाचपत होता.

"आणि माझ्या जागी कोण?"

त्याने गाठ पुन्हा आवळली.

मारितने सुरी म्यानात घातली. शेजारच्या बाईनेही घातली. मग पलीकडच्या टेबलांवरूनही सुऱ्या म्यानात गेल्याचे आवाज येत राहिले.

"सोमवारी येऊ आम्ही," मारित म्हणाली आणि एप्रनची गाठ सोडू लागली.