मामा, गाडीला झोपू दे!

मामाची विजेवर चालणारी गाडी म्हणजे मामाचा जीव की प्राण! त्यामुळे मामा-मामी तीन आठवड्यांसाठी फिरायला निघाले, तेव्हा किल्ली कुणाकडे द्यायची हा घरातला सगळ्यात मोठा प्रश्न झाला. दादा हात पुढे करून उभाच होता. पण मामाने किल्ली ठेवली ती भाचीच्या हातावर! जिला सगळं घर ‘धांदल’ म्हणतं, तिच्या! आजवर तिच्याकडे कुणी दुधाचं पातेलंही सोपवलं नव्हतं. धांदलची मान एकदम वीतभर उंच झाली.

“फक्त धूळ पुसायची. आत बसायचं नाही. बॅटरी ऐंशी टक्के आहे,” मामाने बजावलं.

चौथ्या दिवशी मामाचा फोन. “एकाहत्तर कशी झाली गं? आत बसून गाणी ऐकतेस ना?”

“मामा, शप्पथ! मी गाडीला हातसुद्धा लावला नाही!”

“म्हणजे धूळही पुसली नाहीस?”

धांदल फडकं शोधायला धावली.

आठव्या दिवशी बासष्ट. मामाचा आवाज चढला, “ते काही नाही. किल्ली दादाला दे.”

“मी म्हणालोच होतो,” दादाने लगेच हात पुढे केला.

“आजचा दिवस थांब की जरा!” असं म्हणून धांदलने गॅरेजमध्ये खुर्ची टाकली आणि गाडीसमोर ठाण मांडलं. गॅरेजमध्ये चिटपाखरू नाही. आणि अचानक गाडीच्या पोटात ‘खट्!’ झालं. मग आत काहीतरी घूं घूं करायला लागलं. धांदल खुर्चीसकट मागे सरकली. बऱ्याच वेळाने घूं घूं थांबलं, तोच पुन्हा खट्!

“भूत आहे,” दादा दारातूनच म्हणाला. आत यायची काही त्याची हिंमत झाली नाही.

धांदलने मामीला फोन लावला. “मामी, मामा काय करतोय?”

“काय करणार? मी समुद्र बघतेय आणि हा फोनमध्ये गाडी बघतोय. हे बघ, परत उघडलं ते ॲप.”

खट्!

धांदल ओरडलीच, “मामी, भूत सापडलं! तुझ्या शेजारीच बसलंय! दे त्याला फोन!”

मामा फोनवर आला. “काय गं?”

“मामा, गाडी बिचारी झोपलेली असते. तू टक्के बघितलेस की ती खडबडून उठते आणि बॅटरी खात बसते. तुला कुणी दर पंधरा मिनिटांनी हलवून ‘झोपलास का?’ विचारलं तर?”

मामी मागून फिस्सकन हसली. शेवटी ठरलं: दोन दिवस मामाचा फोन मामीच्या पर्समध्ये. बॅटरी एका टक्क्याहून जास्त उतरली तर किल्ली दादाची.

ते दोन दिवस धांदलला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दादाला साक्षीदार म्हणून ओढत नेऊन ती टक्के बघायला गाडीचं दार उघडणार, तेवढ्यात मामीच्या नंबरवरून मामाचा फोन.

“एकसष्ट! एकच उतरली! शाब्बास गं पोरी, किल्ली तुझ्याकडेच! आणि मी एकदाही बघितलं नाही हं!”

“मग तुला एकसष्ट कसं कळलं?”

 पलीकडून मामीचा आवाज, “अरे देवा! याने माझ्या फोनवरही ते ॲप घातलंय!”

“आत्ता एकदाच बघितलं गं,” मामा पुटपुटला. “हे बघ, काढूनच टाकतो. फक्त शेवटचं एकदा…”

खट्!